कुलपातला तांदूळ

एकदा एका डोंगरपायथ्याच्या पेठेत, जिथे वरची कॉफी गाढवांच्या पाठीवरून उतरे आणि बैलगाड्यांतून बंदराकडे निघून जाई, एक वृद्ध परीक्षक राहत असत. कॉफीचा घोट घ्यायचा आणि ती कोणत्या उतारावर पिकली, शुद्ध आहे की मिसळलेली, हे सांगायचे, एवढेच त्यांचे काम. त्यांनी होकार दिला की पोत्याला गावाच्या नावाची चिठ्ठी बांधली जाई. नकार दिला की तेच पोते वखारीतल्या मोठ्या ढिगात ओतले जाई. आणि ढिगाला नाव नसते.

ही कथा ज्यांनी मला सांगितली ते आज हयात नाहीत, आणि तेव्हा मी त्यांना पुरेसे प्रश्न विचारले नाहीत. एखादा तपशील माझ्या पदरचा असेल. सार मात्र बदललेले नसावे अशी आशा आहे.

वृद्धांना सगळे अण्णा म्हणत. त्यांच्यापाशी सात वर्षे शिकणारा एक शिष्य होता. त्याची जीभ विलक्षण होती. झाडावर सावली फणसाची होती की संत्र्याची, हे तो एका घोटात ओळखी. दोष एकच. त्याचा कुणावर विश्वास बसत नसे. लहानपणी त्याच्या वडिलांना एका जिवलग माणसाने फसवले होते, आणि तेव्हापासून त्या घरात मिठाच्या डब्यालाही कुलूप होते. तो अण्णांकडे शिकायला आला तो एक लोखंडी पेटी घेऊनच. तिची किल्ली त्याच्या गळ्यात असे, आंघोळीलाही उतरत नसे.

त्या वर्षी पौषात एक व्यापारी अण्णांकडे आला. लोक त्याला शेटजी म्हणत.

"अण्णा, उंबरघळीचं प्रकरण मला बरं दिसत नाही," शेटजी बसता बसताच म्हणाले. "मागल्या साली अठरा पोती होती. यंदा बावीस सांगतायत. डोंगर वाढला का?"

उंबरघळ हे डोंगराच्या अगदी माथ्याजवळचे गाव. प्रत्येक घराची कॉफीची शे-दीडशे झाडे, त्याहून जास्त कुणाची नाहीत. तिथली कॉफी वर्षानुवर्षे ढिगातच जात असे. तीन वर्षांपूर्वी अण्णांनी ती वेगळी चाखली आणि म्हणाले, "हिला नाव द्या." तेव्हापासून बंदरापलीकडचे लोक उंबरघळीचे नाव घेऊन कॉफी मागू लागले होते.

अण्णा शिष्याला नेहमी सांगत, "खालच्या गरम रानातलं फळ घाईनं पिकतं. त्याची कॉफी जाड, कडू, आणि गिळली की विसरली. वरच्या थंडीत फळाला लाल व्हायला दोन महिने अधिक लागतात. त्या दोन महिन्यांत फळ काय करत असतं, कोण जाणे. पण कपात कळतं. आधी संत्र्याच्या सालीसारखी आंबट धार, मग नव्या गुळाची गोडी, आणि घोट गेल्यावर, आपण दुसरं काही बोलायला लागलो की, जिभेच्या मुळाशी मिरीची आठवण. तिथं फणसावर मिरीचे वेल चढवतात म्हणून असं होतं असं म्हणतात. मला खात्री नाही."

"खालच्या रानातल्या जुन्या बिया मिसळल्या असणार," शेटजी म्हणाले. "माघातल्या पौर्णिमेला गाड्या निघतील. तोवर मला सांगा: नाव, की ढीग?"

अण्णांचे गुडघे त्या वर्षी चालत नव्हते. त्यांनी शिष्याला पाठवले. निघताना म्हणाले, "नमुने नेहमीसारखे आण. ज्याचं पोतं त्यानंच मूठभर बिया काढायच्या, बांबूच्या टोपलीत ठेवायच्या, आणि गावातल्याच कुणीतरी टोपली खाली आणायची."

शिष्य हो म्हणाला. वाट चढताना मात्र तो मनात म्हणत होता, चोराच्याच डोक्यावर पुरावा देतात! अण्णा आता म्हातारे झाले. आणि दर दिवाळीला उंबरघळीहून अण्णांच्या घरी फणसाची साठे, म्हणजे वाळवलेल्या गराच्या पोळ्या, येतात, हेही त्याला आठवले. आजवर त्यात काही वावगे आहे असे त्याला वाटले नव्हते. त्या दिवशी वाटले.

उंबरघळीत कॉफी वाळत घातली होती. जमिनीपासून कमरेइतक्या उंच बांबूच्या ताटव्यांवर बिया पसरलेल्या, आणि बायका त्या हाताने वरखाली करत होत्या. शिष्य जवळ जाऊ लागला तशी एक पन्नाशीची बाई वाटेत उभी राहिली. तिचे नाव झेलाबाई. गावातली सर्वांत वरची झाडे तिची. अण्णांनी तीन वर्षांपूर्वी जो कप चाखून नाव दिले होते, तो तिच्याच पोत्याचा.

"पाव्हणं, तितंच ऱ्हावा," ती म्हणाली. "ताटव्यापाशी येऊ नका."

"का?"

"आमची रीत हाय. बी सुकतंय तोवर हितं कुनी विडी वढत न्हाई, डोईला तेल लावत न्हाई, बाया फुलं माळत न्हाईत. मिरचीची फोडनी बी गावाभायेर. हे बी लई वढाळ. जे हुंगंल ते पोटात घेतं." मग तिने नाक किंचित आक्रसले. "तुमच्या घरात कुनी आजारी हाय का?"

"नाही. का?"

"वैद्याच्या घरासारका वास येतोय तुमच्या अंगाला."

मागे दोघीतिघी हसल्या. शिष्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याला वाटले, परीक्षकाला मालापासून दूर ठेवायचे, आणि वर थट्टाही करायची! ज्याला लपवायचे नाही त्याला रीत कशाला लागते?

आठ दिवस तो तिथे राहिला आणि आठही दिवस त्याला पुरावे सापडत गेले. तो जवळ गेला की बोलणे थांबे. झेलाबाईच्या माळ्यावर त्याला काळपट, फुटक्या बियांचे गाठोडे दिसले.

"हे काय?"

"आमी पितो त्ये. पान्यावर तरंगलेलं, फुटकं, किडकं. चांगलं तुमाला."

"आणि बावीस पोती कशी झाली?"

"चार घरांची झाडं औंदा पयल्यांदा धरली. जावा, मोजा झाडं. न्हाईतर आमालाच मोजा."

त्याने झाडे मोजली. हिशेब बरोबर आला. तेव्हा त्याने मनाशी म्हटले, हिशेब इतका बरोबर येतो, म्हणजे आधीच जुळवून ठेवला आहे.

शेवटच्या दोन दिवसांत त्याने स्वतः पोत्यांची तोंडे उघडली. उंबरघळीत प्रत्येक घराची पोते शिवायची सुतळी वेगळ्या रंगात बुडवलेली असे. कुणाची हळदीची, कुणाची काताची, झेलाबाईची डाळिंबाच्या सालीची. कोणते पोते कुणाचे हे दुरून कळावे, यासाठी. आणि मला वाटते, थोडी हौसही असावी. शिष्याने विळीने ते टाके उसवले नाहीत, कापले. प्रत्येक पोत्याच्या तळातून मूठभर बिया काढल्या, त्यांच्या बावीस पुरचुंड्या बांधल्या, आणि गावकऱ्यांनी पुढे केलेली टोपली बाजूला सारून त्या आपल्या पेटीत ठेवल्या. ज्याच्यावर संशय अधिक, त्याची पुरचुंडी अधिक खोल. झेलाबाईची अगदी तळाशी, लोकरीच्या शालीत गुंडाळून. मग कुलूप लावले, आणि पेटी उशाशी घेऊन तो झोपला.

निघताना झेलाबाई कापलेली सुतळी हातात घेऊन उभी होती. "टोपली कशापायी नको?" तिने विचारले.

"टोपलीला कुलूप नसतं," शिष्य म्हणाला.

पेठेत परतल्यावर त्याने पेटी उघडली, बिया भाजल्या, दळल्या, बावीस कप मांडले, त्यांवर उकळते पाणी ओतले. वर भुकटीची साय धरली तशी ती चमच्याने फोडली, आणि एकेक चमचा सुर्रकन ओढून घेतला. शेटजी शेजारी बसून तोच घोट घेत होते.

पहिल्या कपात संत्रे होते, पण त्यामागे काहीतरी उभे होते. मातकट, मुळीसारखे कडवट, जुन्या ओलसर वखारीची आठवण देणारे. पाचव्या कपात ते पुढे आले. बाराव्यात संत्रे नाहीसे झाले. बाविसावा कप, झेलाबाईचा, तोंडात धरवेना.

"तुझी जीभ म्हणजे पंचनामा," शेटजी तोंड पुसत म्हणाले. "ढीग!"

शिष्याने यादी केली. थोडे दोषी, मध्यम दोषी, अधिक दोषी, आणि सर्वांच्या खाली झेलाबाई. ती यादी घेऊन तो अण्णांकडे गेला. दुःख झाल्याचा चेहरा त्याने केला होता, पण आतून त्याला समाधान होते. आपल्याला जे वाटले होते तेच जिभेने सांगितले, याहून मोठे समाधान विद्वानाला क्वचितच मिळते. हे मी अनुभवाने लिहितो.

अण्णांनी सगळे कप चाखले. बाविसावा दोनदा चाखला. मग त्यांनी विचारले, "टोपली कुणी आणली?"

"टोपली नाही, अण्णा. मी स्वतः पेटीतून आणले. कुलपात. वाऱ्यालासुद्धा हात लावू दिला नाही."

"कोणती पुरचुंडी कुठं ठेवली होतीस?"

शिष्याने अभिमानाने सांगितले. अण्णांनी मान हलवली. मग ते काठी टेकत उठले, आत गेले, आणि पत्नीकडून तांदळाच्या दोन सारख्या पुरचुंड्या बांधून घेऊन आले. एक त्यांनी ओसरीवरच्या खुंटीला टांगली, जिथून येणारे-जाणारे, मांजर, पोस्टाचा माणूस, सगळे जात. दुसरी शिष्याच्या हातात दिली.

"ही तुझ्या पेटीत ठेव. अगदी तळाशी, शालीत. कुलूप लाव. चार दिवसांनी बघू."

"अण्णा, पौर्णिमेला अकरा दिवस उरलेत," शेटजी वैतागून म्हणाले. "माझ्या गाड्या उभ्या आहेत, आणि तुम्ही तांदूळ टांगताय?"

"चार दिवसांनी जेवायलाच या," अण्णा म्हणाले.

शिष्याने पेटी लावली. त्या चार दिवसांत त्याने अण्णांकडे बारकाईने पाहिले. म्हातारा वेळ काढतो आहे. डोंगरावर निरोप गेला असेल. खुंटीवरच्या पुरचुंडीपाशी कोण थांबते यावरही त्याने लक्ष ठेवले. अण्णांचे त्याला खरोखर वाईट वाटू लागले होते.

पाचव्या दिवशी दुपारी पाने मांडली. अण्णांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, दोन्ही तांदळांचा भात वेगवेगळ्या पातेल्यांत शिजवून प्रत्येक पानावर दोन मुदी वाढल्या होत्या. वरण नाही, तूप नाही, लिंबूही नाही.

"कोरडाच भात?" शेटजी म्हणाले.

"वरण नंतर," काकू म्हणाल्या. "मला विचारू नका, मी फक्त शिजवलाय. एक पातेलं मात्र मला पुन्हा घासावं लागणार."

अण्णा शिष्याकडे वळले. "एक मूद कुलपातल्या तांदळाची आहे. दुसरी ओसरीवर उघड्यावर टांगलेल्या तांदळाची. चाखून सांग, कोणती कुठली."

शिष्याने डावीकडचा घास घेतला. मग पाणी प्यायला. उजवीकडचा घेतला. क्षणार्धात त्याचे डोळे चमकले.

"अण्णा, डावा भात स्वच्छ आहे, निव्वळ तांदूळ. हा कुलपातला. आणि उजवा..." तो घास त्याने पानाच्या कडेला ठेवला. "उजव्यात तेच आहे! तीच मातकट, मुळीची चव. शेटजी, चाखा. झेलाबाईच्या कपात हेच होतं. ओसरीवर कुणीतरी हात मारला. मी म्हणतच होतो! तांदूळसुद्धा सोडला नाही यांनी."

शेटजींनी घास घेतला आणि तोंड वाकडे केले. "बरोब्बर हेच."

अण्णांनी पत्नीकडे पाहिले.

"उजवा कुलपातला," काकू म्हणाल्या. "सकाळी यानेच आपल्या हाताने पेटीतून काढून मला दिला. डावा खुंटीवरचा."

शिष्याचा हात पानावर होता तिथेच राहिला.

"पेटी आण," अण्णा म्हणाले.

शिष्याने पेटी आणली, गळ्यातल्या किल्लीने उघडली. शाल उचलली. तळाशी, चारही कोपऱ्यांत, वेखंडाचे बोटाएवढे तुकडे होते. कपड्यांना कसर लागू नये म्हणून त्याच्या आईने घातलेले. ते जुने झाले की ती नवे पाठवी.

"वेखंड," शेटजी नाकाला उपरणे लावत म्हणाले. "अरे, हा वास तर तू आलास की नेहमीच येतो. मला वाटायचं, तू काही औषध घेतोस."

"मला..." शिष्य म्हणाला, "मला वास येत नाही."

"येणार नाहीच," अण्णा म्हणाले. "लहानपणापासून तू त्यातच आहेस. दुसऱ्याच्या पानात आला तेव्हा तो तुला चव म्हणून कळला, आणि दुसऱ्याचाच वाटला. आता तुझी यादी वाच. सर्वांत कमी दोषी कोण? ज्याची पुरचुंडी वर होती. सर्वांत दोषी कोण? जिला तू वेखंडात, लोकरीत गुंडाळून ठेवलीस. ही यादी बियांची नाही. तू पेटी कशी भरलीस, त्याची आहे."

"तुम्हाला ठाऊक होतं तर त्याच दिवशी का नाही सांगितलं?" शेटजींनी विचारले. त्यांच्या स्वरातही संशय होता.

"ठाऊक नव्हतं. वाटत होतं. बाविसावा कप घेतला तेव्हा माझ्याही मनात पहिल्यांदा हेच आलं, की झेलाबाईनं फसवलं. दुसऱ्यांदा चाखला तेव्हा वाटलं, माझी जीभ गेली. तिसरा विचार पेटीचा आला, तोही बराच उशिरा. आणि सांगितलं असतं, तर हा म्हणाला असता, अण्णांना फणसाची साठं पोचतात."

शिष्याने मान खाली घातली. हे वाक्य त्याने कधी कुणापाशी उच्चारले नव्हते.

मग अण्णा जे बोलले, त्यासाठीच ही कथा सांगितली जाते.

"संशय सोड, असं मी तुला सांगणार नाही. संशय नसलेला परीक्षक म्हणजे नुसता कॉफी पिणारा माणूस. चाळीस वर्षांत त्या उघड्या टोपलीनं मलाही दोनदा फसवलंय. पण टोपलीतून आलेली लबाडी कपात दिसली. ती लपली नाही. कुलपातून आलेली कशी दिसणार? कुलूप आपलंच. संशयाची एक रांग असते, बाळ. आधी पाणी, मग भांडं, मग चमचा, मग आपला हात, मग आपली जीभ. एवढी सगळी पुढे गेल्यावर शेवटी समोरचा माणूस. तू त्याला पहिला उभा केलास, आणि स्वतःला रांगेतच धरलं नाहीस. यात माझीही चूक आहे. सात वर्षं मला हा वास येतो. मी कधी बोललो नाही. माझ्याही नाकाला त्याची सवय झाली."

त्यांनी पान पुढे ओढले. "आता वरण वाढा. आणि तू उद्या पहाटे नीघ. पेटी इथं राहू दे."

शिष्य दुसऱ्यांदा उंबरघळीत पोचला तेव्हा बावीस पोती उघड्या तोंडांनी ओळीत उभी होती. तो ताटव्यांपासून दूरच थांबला आणि तिथूनच सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात झाली गोष्ट सांगितली. वेखंडाचे सांगितले, यादीचे सांगितले, भाताचेही सांगितले. भाताच्या ठिकाणी कुणी हसेल अशी त्याची अपेक्षा होती. कुणी हसले नाही.

"मी टाके कापले," तो म्हणाला. "शिवून द्यायला आलोय."

झेलाबाई त्याच्याजवळ आली. "हात बगू."

त्याने हात पुढे केले. तिने ते नाकापाशी नेले, जसे बाजारात मासळीवाल्याची मासळी नेतात तसे.

"हाय अजून," ती म्हणाली. "त्या वढ्यावर जावा. राखेनं घासा."

तो ओढ्यावर जाऊन आला. तिने पुन्हा हुंगले. "पुन्यांदा."

तिसऱ्यांदा परतला तेव्हा तिने हात हुंगले, मग त्याच्या सदऱ्याकडे पाहिले, आणि घरातून एक जुने, धुतलेले धोतर आणून दिले. "ह्ये गुंडाळा. तुमचं कापड त्या फांदीवर टाका, वाऱ्याच्या खालतीकडं." तेव्हा कुठे तिने दाभण त्याच्या हाती दिले. सुतळी मात्र दिली नाही. ती स्वतः शेजारी बसून एका टाक्याला लागेल तेवढीच काढून देत राहिली, आणि प्रत्येक टाका बोटाने ओढून पाहत राहिली. त्याचा विश्वास बसला का हे तिने विचारले नाही, आणि तिचा बसला का हे त्याने विचारले नाही. दोन दिवस हेच चालले.

नमुन्यांची टोपली या वेळी झेलाबाईनेच डोक्यावर घेतली. "मीबी येते," ती म्हणाली. "कुटं ठेवताय ते माज्या डोळ्यांनी बगंन." वाटभर तिने शिष्याला आपल्या मागे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला चालवले.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी अण्णांच्या ओसरीवर पुन्हा बावीस कप मांडले गेले. शेटजी आले. शिष्याने चमचा घेण्यापूर्वी पाणी चाखले, कप हुंगले, चमचा धुतला, आणि मग आपला हात झेलाबाईपुढे धरला. तिने हुंगून होकारार्थी मान हलवली.

कप एकामागून एक स्वच्छ निघाले. संत्र्याची साल, नवा गूळ, आणि बोलता बोलता उशिराने येणारी मिरी. नवव्या कपाशी मात्र शिष्य अडखळला. त्यात आंबूस झाक होती. कुणाच्या तरी बिया गराच्या पाण्यात एक दिवस अधिक राहिल्या होत्या. त्याने अण्णांकडे पाहिले आणि घाईघाईने म्हणाला, "हाही चांगलाच."

अण्णांनी नववा कप घेतला. "आंबलाय."

"अण्णा, एकाच घराचा आहे. त्यांच्याशी मी आधीच इतकं..."

"पश्चात्तापालाही वास असतो," अण्णा म्हणाले. "तोही कपात उतरू देऊ नको. लिही."

शिष्याने लिहिले. झेलाबाई ऐकत होती. "न्हव्वा म्हंजे हळदीच्या सुतळीचा," ती म्हणाली. "त्याला मी सांगितलं हुतं, धू म्हनून. सासरवाडीला गेला लगनाला." आणि शिष्याकडे तिने, त्या साऱ्या दिवसांत पहिल्यांदाच, सरळ पाहिले.

एक पोते ढिगात गेले. एकवीस पोत्यांना उंबरघळीची चिठ्ठी बांधली गेली. शेटजी समाधानाने उठले, आणि उठता उठता त्यांनी पोती एकदा मोजून घेतली.

मागे बाविसावा कप अर्धा उरला होता. अण्णांनी त्यावर गरम पाणी ओतले नाही, दूध-साखर घातली नाही. तो तसाच उचलून त्यांनी झेलाबाईपुढे ठेवला.

"हा तुझा. घे."

"माजा?"

"तुझ्या पोत्यातला. कधी प्यायलीस का?"

ती काही वेळ कपाकडे पाहत राहिली. सव्वीस वर्षे तिने ती झाडे वाढवली होती, लाल तेवढेच फळ वेचले होते, गर धुतला होता, दव पडू नये म्हणून बियांवर रोज संध्याकाळी कांबळे पसरले होते. आणि सव्वीस वर्षे ती तरंगलेले, फुटके, किडके तेवढे प्यायली होती. तिने कप दोन्ही हातांनी धरला, आधी हुंगला, आणि मग एक घोट घेतला.

तिची भिवई वर चढली. तिने कप खाली ठेवला आणि शिष्याकडे, अण्णांकडे, चुलीकडे आळीपाळीने पाहिले.

"खरं सांगा," ती म्हणाली. "ह्यात काय मिसळलंय?"

"काही नाही," शिष्य म्हणाला.

तिने अण्णांकडे पाहिले. त्यांनीही नकारार्थी मान हलवली. मग तिने दुसरा घोट घेतला, आणि तो लवकर गिळला नाही.

आपल्या पेटीला कोणता वास आहे हे आपल्या नाकाला विचारून कळत नाही, एवढे मला या कथेतून कळले. कुणाला विचारावे, ते मी अजून शोधतो आहे.